लाल सैनिकाच्या दोन उड्या

हडपसरच्या दशरथ कांबळे यांनी ही हकिगत मला स्वतः सांगितली. तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस. मापात चूक नाही, तशी बोलण्यातही नाही. मी शाळेत शिकवायचो आणि त्यांची मुलगी आम्रपाली माझ्या वर्गात होती, म्हणून मला सांगितली. घडली तशी सांगतो.

१५ मार्च २०१२. गुरुवार. संध्याकाळचे सहा.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या दिवशी वीजही नसायची, ती संध्याकाळी यायची. पंधरा वर्षांपूर्वी बापलेक तिची वाट बघत बसायचे. दिवा लागला रे लागला, की आम्रपाली टीव्ही गेममध्ये कॅसेट फुंकून बसवायची.

पडद्यावर दोन सैनिक. निळा पप्पांचा. लाल तिचा.

खेळ सुरू झाला की तिचा सैनिक आधी जागेवरच दोन उड्या मारायचा. उगाच. आनंदानं.

"पप्पा, माझ्या मागं राहा. तुम्हाला गोळ्या चुकवता येत नाहीत."

"अगं, बाप मी की तू?"

"इथं मीच!"

सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात तिला ताप आला. सोमवारी. खाडा पडायला नको म्हणून दशरथ म्हणाले, "गुरुवारी सुट्टी आहे. मोठ्या डॉक्टरांना दाखवू."

बुधवारी पहाटे ती गेली.

दहा वर्षांची होती.

त्यानंतर टीव्ही गेम घरातून गेला. पण २०१२ च्या त्या गुरुवारी भाचा राकेश आला. आयटी कंपनीत कामाला. नवं मशीन त्यानं टीव्हीला जोडलं.

"मामा, तुमचा जुना गेम कंपनीनं परत काढलाय. तेच सैनिक, फक्त चकाचक."

"आता या वयात उड्या मारणार का हे?" दशरथांच्या पत्नी चंपाबाई आतून म्हणाल्या.

एकट्याचा खेळ लावून राकेश ड्युटीवर गेला. दशरथनी बटण दाबलं. निळा सैनिक उतरला.

आणि त्याच्या शेजारी...

लाल सैनिक.

त्यानं जागेवरच दोन उड्या मारल्या.

कंट्रोलर एकच होता. तो दशरथांच्या हातात होता.

"चंपा..."

चंपाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. बघतच राहिल्या.

"बोला ना तिच्याशी," त्या हळूच म्हणाल्या.

दशरथांचा अंगठा हलेना. "बाळा," ते म्हणाले, "मी त्या सोमवारी रजा टाकायला हवी होती गं."

समोरून गोळ्या सुटल्या. निळा सैनिक तसाच उभा. लाल सैनिक पुढे झाला...

आणि कोसळला.

तिच्या तीन लाइफमधलं एक गेलं. लाल सैनिक पुन्हा उतरला. पुन्हा दोन उड्या. पुन्हा निळ्याच्या पुढ्यात.

"सरक ना बाजूला, पोरी!" दशरथ ओरडले. घामेजलेल्या बोटांनी भलतीच बटणं दाबली गेली. निळा जागचा हलला नाही.

लाल पुन्हा कोसळला.

आता एकच उरलं.

तो उतरला. उड्या मारल्या. पुढे आला. पलीकडून गोळी सुटली...

दशरथनी झेप घेऊन पिन उपटली.

पडदा काळा.

"का बंद केलंत?" चंपाबाई रडायलाच लागल्या. "दिसत होती ना ती!"

"दिसत होती. म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी राकेशनं येऊन मशीन तपासलं. "मामा, डेमो असेल. आपोआप चालतो," म्हणाला. दशरथनी वाद घातला नाही. मशीन मात्र त्याला परत नेऊ दिलं नाही.

अजूनही चंपाबाई विचारतात, "आज लावायचा? एकदाच." ते नाही म्हणतात. मग दोघं जेवायला बसतात.

हे सगळं सांगून झाल्यावर दशरथनी मला विचारलं, "गुरुजी, ती अजून तिथंच उभी असेल का हो? त्या गोळीसमोर? की मी तिला वाचवलं?"

मी नुसता त्यांचा हात धरला.