आम्लात विसरलेली स्लाइड

त्या दुपारी माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्याच कुणाची तरी स्लाइड होती, आणि त्यावर वाकलेली एक अनोळखी मुलगी.

"तुमचा नंबर आहे का? थांबा नं जरासे. मी कण मोजून राहिली."

मी थांबलो. थांबणे मला फार चांगले जमते.

ती सुरुची, मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवापूरची. माझ्यासारखीच तीही आमच्या भूशास्त्र विभागात तेलविहिरीतल्या वालुकाश्माचा अभ्यास करीत होती. दगडाचा कागदाहून पातळ काप काचेवर चिकटवला, की त्यात वाळूचे कण दिसतात, कणांमधली छिद्रे दिसतात, आणि काही छिद्रांत पाण्यातून साकळलेले कॅल्साइट. निसर्गाचे सिमेंट म्हणा. ते ओळखू यावे म्हणून स्लाइड रंग मिसळलेल्या सौम्य आम्लात क्षणभर बुडवतात. कॅल्साइट तेवढे लाल होते.

"आमच्या मिरचीवानी दिसते," ती एकदा म्हणाली. "पण सारी जागा अडवून बसलं. तेल कुठं राहीन?"

"नेहमीच तसे नसते," मी खाली बघत म्हणालो. "हे सिमेंट लवकर बसले, तर वरचा भार तेच पेलते. कण चेपले जात नाहीत. पुढे कधी ते विरघळले, की जपलेली जागा मोकळी होते... तेलासाठी."

"बाप्पा! इतकं बोलता येते तुम्हाले?"

मी घाईने सूक्ष्मदर्शकावर वाकलो. माझ्या आतही काहीतरी असेच साकळत होते—आणि हिवाळा सरत होता.

फेब्रुवारीत तिला आसामला नोकरी लागली. जाण्याआधी एकच स्लाइड रंगवायची राहिली होती. चिमट्याने ती आम्लात धरून तिने विचारले, अगदी हळू,

"मी गेल्यावर तुम्हाले करमन का इथं?"

उत्तर ओठांवर होते. मी खिडकीबाहेर पाहिले, नळाकडे पाहिले, स्वतःच्या हातांकडे पाहिले... ती निश्चल उभी होती, माझ्याकडे पाहत.

"अगं माय!"

तिने स्लाइड ओढून बाहेर काढली. लाल काहीच उरले नव्हते. कॅल्साइट सारे विरून गेले होते. कणांमध्ये नुसती उघडी भोके.

"तुमच्या उत्तरापायी माझा दगड गेला नं!" तिचे डोळे भरून आले होते. "काहून असे आहात जी तुम्ही?"

"नाही करमणार," मी म्हणालो. आवाज माझाच होता. "मला तुम्ही आवडता, सुरुची. पहिल्या दुपारपासून... पण नोकरी सोडू नका."

"सोडून राहिलं कोण?"

"पाडव्याला तुम्ही घरी याल ना? मी आईला घेऊन भिवापूरला येतो. तुमच्या बाबांना भेटायला."

ती ओल्या डोळ्यांनी खुदकन हसली.

"अन् मी फक्त फोन कराल का, एवढंच विचारणार होती गा!"