ग्लव्हजमधल्या मुंग्या

"मनाइया, ऊठ. तुझे बाबा पुन्हा आडवे झाले बघ!"

आईच्या या हाकेपुढे कोंबड्यानेही हात टेकले होते. मनाइयाने डोळे न उघडताच हात हलवून पाहिले. खांद्यापासून मनगटापर्यंत नुसते ठणकत होते. शाळेला नाताळची लांबलचक सुट्टी लागलेली, बेटावरची बाकीची पोरं उन्हं वर येईपर्यंत घोरत पडलेली, आणि ही बारा वर्षांची पोर मात्र रोज फटफटायच्या आत बापाला बॉक्सिंगला घेऊन जात होती. बॉक्सिंग बाबांचं आणि हात दुखायचे हिचे! याला काय न्याय म्हणायचा?

बाबा चटईवर पडल्या पडल्या म्हणाले की आज फार दमलोय, उद्यापासून नक्की येतो. आईने त्यांच्या अंगावरची चादरच ओढून घेतली. मग बापलेक एकमेकांकडे न बघता उठले. दोघांचीही तोंडं सारखीच आंबलेली होती.

मनाइयाचे बाबा फालानिको सवाई बेटावर बस चालवायचे. गावातून बोटीच्या धक्क्यावर आणि धक्क्यावरून गावात, दिवसभर बूड सीटला चिकटलेलं. त्यांना साखरेचा आजार जडला होता. मध्यंतरी नर्स लूपेबाईंनी त्यांच्या तळपायाला सुई टोचली, तर त्यांना पत्ताच नाही. ते आपले बसच्या टायरबद्दल बोलत राहिले. यावर कोणी हसलं नाही. कारण शेजारच्या घरात थोरले काका खुर्चीत बसलेले असत, आणि त्यांचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता. त्यांनाही सुरुवातीला असंच काही कळलं नव्हतं.

लूपेबाईंनी व्यायाम कर म्हणून बजावलं आणि नेमके त्याच सुमारास लाफाई मास्तर ऑकलंडहून गावी परत आले. तरुणपणी ते रिंगणात उतरायचे. आता पोट सुटलं होतं, पण ठोसा शाबूत होता. चर्चशेजारच्या बिनभिंतींच्या सभागृहात त्यांनी मोठ्या माणसांसाठी वर्ग काढला. मारामारी नाही, कोणाच्या नाकाला धक्का नाही, नुसती अंगमेहनत. बाहेरच्या नीरफणसाच्या फांदीला जुने कपडे ठासलेलं पोतं टांगलं. समोर पॅड धरायला प्रत्येकाने घरचं एक पोर आणायचं असं ठरलं. हातांना गुंडाळायच्या पट्ट्या ज्याने त्याने घरी केल्या. बाबांच्या लाल फुलांच्या होत्या, आईने जुनी चादर फाडून दिलेल्या.

"डावा पाय पुढे! हात गालाला! फालानिको, हात गालाला म्हणालो, पोटाला नाही," मास्तर ओरडायचे. बाबा लावालावा, म्हणजे कमरेची लुंगी, वर खोचून ठोसा मारायचे आणि तो मनाइयाच्या पॅडवर धप्पकन आदळायचा. पलीकडे तिचा चुलत भाऊ लोतो, त्याच थोरल्या काकांचा मुलगा, गावप्रमुख लेउतू आजोबांसाठी पॅड धरायचा. आजोबा म्हातारे असले तरी त्यांचा ठोसा खाऊन लोतो दोन पावलं मागे जायचा. मनाइयाचा धाकटा भाऊ सेफो रिकाम्या गॅसच्या टाकीवर लोखंडी गज हाणायचा. टाकी वाजली की सुरू, पुन्हा वाजली की थांबा. सेफोला कंटाळा आला की तो थांबायची टाकी वाजवायला विसरायचा, आणि मग मोठ्यांच्या शिव्या खायचा.

शेवटी मास्तर म्हणायचे, "पोरांनो, पळा घरी. आता आमची प्रार्थना."

महिना असा गेला. मग शुक्रवारी लूपेबाई आल्या, बाबांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. साखर उतरली तर नव्हतीच, उलट चढली होती. लूपेबाई म्हणाल्या, पुढच्या खेपेलाही असंच दिसलं तर बस बंद, आणि फालानिकोला बोटीने आपिया शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. "तुझा थोरला भाऊही असाच माझ्याकडे बघून हसायचा," एवढं बोलून त्या निघाल्या.

बाबा आता हसत नव्हते. ते पायांकडे बघत बसले होते. मनाइयाने आपले दुखरे हात चोळले. महिनाभर हात मोडून घेतले ते काय उगाच?

संध्याकाळी ती पडवीत पॅड पुसत बसली होती. लोतो आणि सेफो शेजारी लोळत होते. तेवढ्यात सेफो म्हणाला, "ताई, बाबांच्या ग्लव्हजमध्ये मुंग्यांनी घर केलंय."

खरंच होतं. खांबावरून मुंग्यांची रांग उतरून थेट डाव्या ग्लव्हजमध्ये शिरत होती. मनाइयाने ग्लव्हज उलटा करून झटकला. पावाचा चुरा पडला. सेफोने लगेच बोट लावून चाटलं आणि जाहीर केलं, "नारळाच्या दुधातला गोड पाव. पास्टरीणबाईंच्या हातचा." चर्चच्या पास्टरांच्या बायकोचा पाव गावात कोणीही चवीवरून ओळखायचं.

"घामाला मुंग्या लागतात असं बाबा म्हणाले होते," मनाइया म्हणाली.

लोतो उठून बसला. तो फारसा बोलणारा मुलगा नव्हता. तो म्हणाला की त्या प्रार्थनेचंही त्याला नवलच वाटतं. पहिल्या दिवशी ती आमेन म्हणण्यापुरती होती. आता मोठी माणसं घरी येईपर्यंत त्याचं अंगण झाडून, डुकरांना घालून, आंघोळ करून होतं. देवाशी एवढं काय बोलतात?

दुसऱ्या दिवशी टाकी शेवटची वाजली, पोरं घरी पळाली, आणि ही तिघं अर्ध्या वाटेवरून मागे फिरून नीरफणसाच्या जाड बुंध्यामागे बसली. प्रार्थना चटकन आटोपली. मग पास्टरीणबाई आणि त्यांची बहीण पराती घेऊन आल्या. गोड पाव, तळलेले गोळे, साखर ढवळलेला कोको. सेफोच्या तोंडाला असं पाणी सुटलं की लोतोने त्याचं तोंडच दाबून धरलं.

पहिल्यांदा मनाइयाला संताप आला. आपण हाडं झिजवायची आणि यांनी मेजवान्या झोडायच्या! पण बघता बघता तिला वेगळंच दिसायला लागलं. कोणीच मजेत नव्हतं. लेउतू आजोबा एकेक घास पाण्याबरोबर ढकलत होते. ते हात धुवेपर्यंत कोणी हात धुवायचा नाही, हे गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक. आणि समोर वाढलेलं टाकून आजोबा उठले असते, तर पास्टरीणबाईंचा गावात पाणउतारा झाला असता. म्हणून आजोबा खात होते, आणि आजोबा खातात म्हणून सगळे खात होते. बाबांनी दोन पाव संपवले, तिसरा हळूच ग्लव्हजमध्ये कोंबला.

परात ठेवायला पास्टरीणबाई झाडाजवळ आल्या. डोळे तांबारलेले होते. बहिणीला म्हणाल्या की कोंबडा आरवायच्या आधीपासून चुलीशी आहे, आता उभं राहवत नाही. पहिल्या दिवशी सहज म्हणून कोको दिला, तर दुसऱ्या दिवशी लेउतूंच्या घरून परात आली, तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरून दोन. आता आपणच थांबलो तर लोक काय म्हणतील?

दुपारी बस धुताना मनाइयाने बाबांना गाठलं आणि सगळं विचारलं. बाबांनी फडका पिळला, पुन्हा पिळला.

"मग मी काय नाही म्हणू? लेउतू आजोबांच्या आधी? तोंड दाखवायला जागा राहील का गावात?"

"आणि पाय?" मनाइयाने विचारलं.

बाबांनी फडका खाली टाकला. ते नुसते पायरीवर बसले. इतके दमलेले बाबा तिने कधी पाहिले नव्हते, आणि बॉक्सिंगने माणूस इतका दमत नाही हे तिला आता कळत होतं.

उपाय सापडला तो सेफोच्या हावरटपणामुळे. घरी येताना तो लेउतू आजोबांच्या माडाखाली पडलेला नारळ उचलायला वाकला आणि लोतोने त्याची कॉलर धरली. माडाच्या खोडाला विणलेलं झावळीचं पान बांधलेलं होतं. प्रमुखांनी असं पान बांधलं की त्या झाडाचं फळ बंद. पडून कुजलं तरी कोणी शिवायचं नाही, आणि का बांधलं म्हणून विचारायचंही नाही.

मनाइया त्या पानाकडे बघत उभी राहिली. मग तिने लोतोकडे पाहिलं. लोतोच्या लक्षात आलं आणि तो पांढराफटक पडला. प्रमुखांची खूण पोरांनी बांधायची? दंड झाला तर बाबांना अख्खं डुक्कर द्यावं लागेल! पण घराशी आल्यावर त्याची नजर खुर्चीत बसलेल्या वडिलांवर गेली, आणि तो झावळी तोडायला गेला.

सोमवारी सगळ्यांच्या आधी पोचून त्यांनी पराती ठेवायच्या टेबलाच्या पायाला पान गुंडाळलं. लोतोने वीण घातली, पण ती सुटायला लागली. मनाइयाने घाईघाईने पॅडच्या पिशवीत हाताला लागलेल्या कापडाची चिंधी फाडून वर गाठ मारली. आणि तिघं जांभया देत, जणू आताच उठल्यासारखी, वर्गात उभी राहिली.

प्रार्थना झाली. आज पाळी मास्तरांच्या घरची होती. मास्तरांची बायको परात घेऊन आली, टेबलाजवळ थबकली आणि तशीच मागे वळून घरी गेली. बायकांना वाटलं, लेउतूंनी बांधलंय. लेउतू आजोबांना वाटलं, बायकांच्या मंडळाने बांधलंय. विचारायचं कोणी? जो विचारेल तो खाण्यासाठी हपापलेला ठरेल! माणसं थोडा वेळ छताकडे, समुद्राकडे बघत राहिली. मग आजोबांनी हात धुतले, आणि सगळ्यांनी इतक्या घाईने हात धुतले की बादली उपडी झाली.

तो आठवडा गावात फार शांतपणे गेला. पास्टरीणबाई उजाडेपर्यंत झोपल्या. बाबा घरी येऊन उकडलेली कच्ची केळी आणि मासा खाऊ लागले, आणि ग्लव्हजकडे मुंग्या फिरकेनाशा झाल्या. मनाइयाचे हात मात्र दुखायचे ते दुखतच होते, कारण बाबांच्या ठोशात आता जोर आला होता.

आणि शुक्रवारी, वर्ग सुटल्यावर, लेउतू आजोबांनी पास्टरीणबाईंना बोलावून घेतलं आणि ते म्हणाले, "पोरं थांबतील."

त्यांनी टेबलाशी बसून ते पान निरखलं. मग बाबांचा डावा हात धरून वर केला. त्या हातावरची लाल फुलांची पट्टी मनगटाशी आखूड होती, आणि तिचा उरलेला तुकडा टेबलाच्या पायाला गाठीत होता. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. ते गुडघ्यावर बसायला लागले.

मनाइया मध्ये आली. "बाबांना काही माहीत नाही, आजोबा. पान मी बांधलं."

"मीपण," लोतो म्हणाला. सेफो टाकीमागे लपला होता, त्याने नुसता हात वर केला.

"का?" आजोबांनी विचारलं.

मनाइया मनात जुळवलेलं सगळं विसरून गेली. तिला रडू आलं. "मला बाबांचे दोन्ही पाय हवेत," ती म्हणाली. "तुम्ही सगळे एकमेकांना नाही म्हणायला लाजता, आणि पाय बाबांचा जाईल."

कोणी मान वर केली नाही. आजोबांनी पानाची वीण चाचपली. मग ते पास्टरीणबाईंना म्हणाले, "बाई, तुमचे पाव फार चांगले. पण पहिल्या आठवड्यापासून मला एकही जात नव्हता." पास्टरीणबाई रडता रडता हसायला लागल्या आणि म्हणाल्या की देवाची शपथ, मला एकही भाजायचा नव्हता!

आजोबांनी पोरांचं पान सोडलं. ते म्हणाले की खोटी खूण बांधणं हा गुन्हा आहे आणि दंड भरावाच लागेल. शाळा उघडेपर्यंत या तिघांनी रोज वर्गाला यायचं, एक दिवसही खाडा नाही. मग त्यांनी लोतोकडून नवी झावळी मागवली, स्वतःच्या हाताने वीण घातली आणि त्याच जागी पक्की बांधली. "वीण अशी घालतात," ते लोतोला म्हणाले. "आणि धीर असा धरतात, हे मात्र तुम्ही आम्हाला शिकवलंत. गाव तुमचं ऋणी आहे."

दुपारी लूपेबाई आल्या. त्यांनी रक्ताचा थेंब तपासला, पुन्हा एकदा तपासला. साखर उतरायला लागली होती. अजून खूप वाट चालायची आहे, त्या म्हणाल्या, पण वाट आता बरोबर आहे. खुर्चीतून थोरल्या काकांनी लोतोला जवळ बोलावलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आई दाराआड उभी राहून डोळे पुसत होती.

शनिवारचा वर्ग झाला. मनाइया अशी झोपली की घर पडलं असतं तरी उठली नसती. पण पुन्हा फटफटायच्या आत कोणीतरी तिला हलवायला लागलं. आईची हाक नव्हती. तिने एक डोळा उघडला. बाबा उभे होते, पट्ट्या गुंडाळून, ग्लव्हज गळ्यात अडकवून, लावालावा वर खोचून.

"चल की गं, उशीर होतोय," बाबा म्हणाले.

"बाबा," मनाइया उशीत तोंड खुपसून म्हणाली, "आज रविवार आहे. आज काम नाही, खेळ नाही, काही नाही."

बाबांनी पट्ट्या सोडल्या. मग ग्लव्हज खुंटीला अडकवून तिच्या शेजारीच चटईवर पडले, आणि चर्चची घंटा होईपर्यंत बापलेक दोघं घोरत होती.