कर्ताखूण

सांगलीजवळच्या स्मृतिशाळेत सकाळी अकराला पोलिसांचे मेंदूतज्ज्ञ डॉ. मुजावर आले, तेव्हा तिसऱ्या खुनाला अठरा तास झाले होते. मेलेली तिन्ही मुलं सतरा वर्षांची. तिघांच्याही मानेवर मागून कोयत्याचा एकच वार.

स्मृतिशाळेच्या प्रमुख डॉ. नाडगौडांनी चहा मागवला. कुणी प्यायलं नाही.

गेल्या वर्षी वेदांग नावाच्या मुलाच्या वाढदिवसाला चार मित्रमैत्रिणींनी त्याचे हातपाय धरले आणि झोके देऊन त्याला विहिरीत फेकलं. त्या गावात पोरांचा वाढदिवस असाच होतो. पोहता येतं का, हे चौघांपैकी कुणी विचारलं नव्हतं. तो बुडाला. न्यायालयाने चौघांना उपचारासाठी इथे पाठवलं. त्यांतलेच तिघं आता मेले होते.

"उपचार म्हणजे नेमकं काय?" मुजावरांनी विचारलं.

"प्रत्येक आठवणीवर मेंदू खूण करतो, हे मी केलं अशी. आम्ही तिला कर्ताखूण म्हणतो. सगळी टोचणी तिथून येते. आमचं यंत्र ती पुसतं. आठवण तशीच राहते."

"मग करणारा कोण?"

"प्रत्येकाला वाटतं, उरलेले तिघं."

"वा! डाग धुवायचा आणि शेजाऱ्याच्या शर्टावर पिळायचा."

"टोमणे नंतर मारा, साहेब. खूण सोळा-सतरा तासांत परत उगवते, म्हणून सकाळ-संध्याकाळ बैठक. जी आठवण टोचते, तिची खूण यंत्र पुसतं. कोणती, ते आम्ही बघत नाही. मुलांच्या खासगीपणाचा नियम आहे."

दारात मृण्मयी उभी होती. चौघांतली चौथी. सकाळच्या बैठकीसाठी आली होती.

"मॅडम, आता मीच उरले. तो मलाही मारेल. पोलीस द्या ना."

"तू त्याला पाहिलंस?" मुजावर म्हणाले.

"तिन्ही वेळा तिथंच होते मी. कोयता दिसतो, रक्त दिसतं. मारणारा दिसत नाही." एसटीचं वेळापत्रक वाचावं तसं ती बोलत होती.

"काल संध्याकाळी बैठक झाली?"

"सातला. घटनेनंतर दोनच तासांनी."

"त्या तिघांबद्दल काय वाटतं तुला?"

"त्यांनी वेदांगला मारलं."

नाडगौडांनी यंत्राच्या बटणावरचा हात काढला.

"आज बैठक नाही, मृण्मयी."

"असं नका करू. छातीत जड व्हायला लागलंय."

"होऊ दे. बस."

मुजावरांनी दार लावून घेतलं आणि खुर्ची दाराला टेकवून बसले. वीस मिनिटं गेली. चहावर साय धरली.

"दिसायला लागलं," मृण्मयी म्हणाली.

"कोण आहे?"

"तोंड नाही दिसत अजून." तिने डोळे बारीक केले. "मनगट दिसतंय. त्यात माझं कडं आहे."