काटेरी वाण

सोलापूरच्या वनस्पती-प्रयोगशाळेत नागनाथकाका म्हेत्रे शिरले तेच धापा टाकत, आणि कडेवर काय? तर निवडुंग! तान्हं मूल आणावं तसा टॉवेलात गुंडाळलेला.

"डॉक्टरीणबाई, ह्याच्यात माझी बायको आहे. काढून द्या."

डॉ. शर्वरी ढेकणे हसली नाही. कशी हसेल? शोध तिचाच होता ना! निवडुंगाचा शेंडा वाढतो तेव्हा त्याच्यात बारीक बारीक स्फटिक बसत जातात, आणि घरात जे बोलणं चाललेलं असेल त्याच्या कंपनांनी ते ओळीत लागतात. नादरेषा! तिचं नादवाचक यंत्र त्यांच्यावरून नुसता उजेड फिरवतं आणि बोलणं जसंच्या तसं ऐकवतं. झाडाला ओरखडासुद्धा नाही.

"कुमुद रोज सकाळी ह्याच्याशी बोलायची," काका म्हणाले. "तीन वर्षं झाली जाऊन. फोनवर कधी आवाज भरू दिला नाही, लाजायची. आणि आता मला आठवतच नाही हो, कसा होता तिचा आवाज."

शर्वरीने टॉवेल सोडला, बुंध्याला बोट लावलं, तर बोट आतच गेलं.

"काका, पाणी किती घालता?"

"रोज तांब्याभर. तिचं झाड ना! उपाशी कसं ठेवू?"

"अहो, कुजवलंत की! महिन्यातून दोनदा दिलं तरी ह्याला पुरतं."

"पण वरती हिरवं आहे ना?"

"लिहितो फक्त वाढता शेंडा. जुनं सगळं खाली, ताजं वर. काकू खाली होत्या." तरी तिने यंत्र लावलं. टीव्हीच्या बातम्या. खोकला. परत बातम्या. तीन वर्षं नुसतं तेवढंच.

काका मटकन खुर्चीत बसले. त्यांच्याकडे बघवेना म्हणून शर्वरी उगाच झाड फिरवत राहिली, आणि एकदम थांबली. "ह्या फांद्या कुणी कापल्या?"

"तिनेच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाट्या लुटतात, डबे लुटतात. हिने कान तुटलेल्या कपांत कलमं लावून लुटली! काटेरी वाण म्हणून अख्खी कॉलनी हसली होती."

"काका!" शर्वरी उभीच राहिली. "कलम म्हणजे ह्याच झाडाचा तुकडा. कापेपर्यंत त्यानेही तुमच्याच घरातलं ऐकलंय!"

कॉलनीत एकच कलम जगलं होतं, चार वर्षांपूर्वीचं, माळगे वहिनींच्या खिडकीत. आणि वहिनी दारातच आडव्या.

"वा गं वा! म्हणजे आमची चार वर्षांची भांडणं तुम्ही ऐकणार? सासूबाईंबद्दल मी काय काय बोललेय, तेही?"

"तुमचं तुम्हालाच ठेवा वहिनी." शर्वरीने सुरी स्पिरिटने पुसली आणि मूळ कलमाच्या बरोब्बर वर चालवली. "हा वरचा भाग दहा दिवस सावलीत पडू दे. कापलेलं तोंड सुकलं की रेताड मातीत खोचा. लगेच पाणी नको हं!" हे शेवटचं काकांकडे बघून.

वहिनींची भांडणं वहिनींकडे राहिली. मुळासकटचा वीतभर ठोंब काकांना मिळाला.

यंत्र लावलं. खरखर, खरखर, आणि मग:

"अहो."

काकांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"अहो, ऐकताय का? ऊन उतरलं की तळ्यावर जाऊ या का आज?"

पेपरचं पान उलटल्याचा आवाज. मग काकांचा स्वतःचा: "हं."

बस. एवढंच.

"गेलो नव्हतो," काका हळूच म्हणाले.

दीड महिन्याने ठोंबाला, अगदी वरच्या कडेला, मुगाएवढा कोंब फुटला. शर्वरी धावतच बघायला आली. "काका, हा आता लिहायला लागेल. काकूंच्या बोलण्याच्या लगेच वरती!"

काकांनी टीव्ही बंद केला. खिडकीशी गेले, गुडघे दुखत होते तरी खाली बसले, आणि त्या हिरव्या ठिपक्यापाशी तोंड नेऊन म्हणाले,

"हो, जाऊ या की गं. थांब, चप्पल घालतो."