राखीव टाकी कोणी संपवली?

“सहावा दिवस उजाडला आणि ज्योत पाहा, अजून निळीशार!” चहाचे आधण ठेवता ठेवता दमयंतीआत्याने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले. “काटकसर शिकावी तर आमच्या निशिगंधेकडून!”

निशिगंधा लाजून हसली. समोर बसलेल्या सावनीला मात्र तोंडातले घावन एकाएकी कडू लागले.

सुजयकाकाने एक जुनी मिनीबस विकत घेऊन मिरजोळ्याच्या एका कारखान्यात तिची कॅराव्हॅन करून घेतली होती. झोपायला फळ्या, ओटा, शेगडी आणि मागच्या बाजूला जाळीच्या कपाटात दोन-दोन किलोंच्या दोन गॅसच्या टाक्या. डावी वापरायची, उजवी राखीव. डावी संपली की उजवी उघडायची आणि पुढच्या गावात डावी भरून घ्यायची, असा आत्याचा नियम होता. मे महिन्याच्या सुटीत आत्या, काका आणि तीन मुले रत्नागिरीहून निघाली, तेव्हा या टाक्यांची जबाबदारी आत्याने निशिगंधेला दिली. ती डोंबिवलीची चुलतबहीण. सावनीहून अवघ्या दोन महिन्यांनी मोठी! गेल्या दोन उन्हाळ्यांत तंबूच्या सहलींना गॅस सांभाळला होता तो सावनीने. त्याची कोणाला आठवणसुद्धा नव्हती.

“दोन किलोंची टाकी आपल्या पाच माणसांना तीन दिवस पुरते, फार तर साडेतीन,” तिने धाकट्या भावाला, शार्दूलला, बाजूला घेऊन सांगितले. “मग ही सहाव्या दिवशी चालतेच कशी?”

“निशीताई काटकसर करते.”

“काल तिने कुळीथ तासभर शिजवले! ही काटकसर?”

“ताई, तुझे कान लाल झालेत. तू जळतेस तिच्यावर!”

“मी? जळायला ती काय एवढी मोठी लागून गेली!”

त्या दुपारी जयगडची खाडी फेरीबोटीने ओलांडून कॅराव्हॅन हेदवीला पोहोचली आणि दशभुज गणपतीच्या देवळाखाली, काशीकाकूंच्या अंगणात उभी राहिली. संध्याकाळी मोठी मंडळी निशिगंधेला घेऊन समुद्र पाहायला गेली. सावनीने डोके दुखत असल्याचे सांगितले, शार्दूलला थांबवून घेतले, आणि सगळे वळणाआड जाताच एक फडके ओले करून मागचे कपाट उघडले.

“हे काय करतेस?”

“बघ नुसता. ओल्या फडक्याने टाकी पुसली, की जिथवर आत गॅस असतो तिथवरचा ओलावा उशिरा वाळतो.”

तिने दोन्ही टाक्या पुसल्या. दोघे श्वास रोखून पाहत राहिले. ओलावा भराभर उडत गेला आणि दोन्ही टाक्यांच्या तळाशी, अगदी एकाच उंचीवर, जेमतेम दोन बोटांचा ओला पट्टा उरला.

“अगं ताई! राखीव टाकीसुद्धा संपत आली! दोन्ही एकदम जळताहेत! चल, आत्याला सांगू या!”

म्हणजे ही काटकसर नव्हतीच! निशीने दोन्ही टाक्या उघड्या ठेवल्या होत्या आणि वर कौतुक करून घेत होती! सावनीला असा आनंद झाला की तिची तिलाच थोडी भीती वाटली.

“कोणाला काही सांगायचं नाही,” ती म्हणाली. “उद्या दिवसभर खिडकीची जागा तुझी.”

“पण उद्या चतुर्थीचे मोदक आहेत! मध्येच गॅस गेला तर?”

“गेला तर जाऊ दे.”

आणि गॅस गेला! दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास एकवीस मोदक वाफेवर ठेवले होते. पारी अजून कच्चीच होती, तोच ज्योत लपलपली आणि विझली.

“काळजी नको, राखीव आहे ना!” निशिगंधा उत्साहाने उठली.

“थांब, मी बघतो.” काकाने कपाट उघडून उजवी टाकी कडीला धरून उचलली, आणि त्याचा चेहरा उतरला. “ताई, हीसुद्धा रिकामी! सीलबंद आणली होती मी!”

सगळ्यांच्या नजरा निशिगंधेकडे वळल्या.

“आत्या, मी उजव्या टाकीला हातही लावला नाही. देवाशप्पथ!” निशिगंधा म्हणाली.

“हात न लावता टाकी रिकामी होते? गॅस गळत राहिला असता आणि कोणी काडी ओढली असती, तर आज आपण या अंगणात उभे नसतो! सुजय, हिला दुपारच्या एस.टी.ने घरी पोहोचवून ये. आणि शार्दूल, हे मोदकपात्र काशीकाकूंच्या चुलीवर ने.”

“आण गो बाळा, चूल पेटलेलीच आहे,” काशीकाकू दारातूनच म्हणाल्या. शार्दूल मुलगा आहे, हे त्यांनी मागाहून पाहिले.

निशिगंधा मुकाट्याने कपडे पिशवीत भरू लागली. सावनीला हवे होते ते सगळे घडले होते. निशीने ही चूक केली कशी, तेवढे डोळ्यांनी पाहावे म्हणून ती कपाटापाशी गेली. काल तिने टाक्यांच्या पोटाकडेच पाहिले होते. माथ्याकडे आज प्रथमच पाहिले.

“शार्दूल! धावत ये! हा उजव्या टाकीचा खटका. चालूवर आहे ना?”

“आहे. आणि त्याच्यावरून पूजेचा दोरा बांधलाय.”

“दोरा न सोडता खटका फिरवता येईल?”

शार्दूलने बोटाने चाचपून पाहिले. “छे! गाठीत हळदकुंकू सुकून दगड झालंय. आणि अशा तिहेरी गाठी आत्याच मारते!”

“म्हणजे दोरा बांधला, त्याच्या आधीच खटका चालू होता. कॅराव्हॅनची पूजा झाली त्या दिवशी निशी कुठे होती?”

“डोंबिवलीला! ती तर दुसऱ्या दिवशी आली!”

म्हणजे निशी निर्दोष होती! आता गप्प बसले, तर निशी आज दुपारी जाईल आणि टाक्या पुन्हा तिच्याकडे, सावनीकडे येतील. अंगणातून पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. ती तडक आत्यासमोर जाऊन उभी राहिली. मात्र बोलली ती काकाशी, तेही साखर पेरून.

“काका, कॅराव्हॅनच्या पूजेला दूध किती झटकन उतू गेलं होतं, नाही?”

“जाणारच!” काकाची कळी खुलली. “मुहूर्ताला चार मिनिटं उरलेली आणि दूध ढिम्म हलेना. मग दिल्या दोन्ही टाक्या एकदम उघडून! याला म्हणतात डोकं!”

“आणि उजवी बंद कधी केलीस?”

“ती... लगेच केली... म्हणजे, ताईने खटक्यावर दोरा बांधला. पूजेचा दोरा कसा सोडायचा? म्हटलं, नंतर बघू.”

आत्या उठली. कपाटापाशी जाऊन तिने चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिले.

“गाठी माझ्याच आहेत,” ती म्हणाली. “सुजय, अरे, दोन टाक्या उघडून ज्योत मोठी होत नसते! रेग्युलेटर मग कशाला बसवतात? या दोन्ही खांद्यावर टाक आणि गुहागरहून भरून आण. कॅराव्हॅनने नव्हे, एस.टी.ने! निशिगंधा, पिशवी रिकामी कर. न पाहता तुझ्यावर आरोप केला, ही माझी चूक.”

सावनीला कोणी काही विचारले नव्हते. तरी ती हलली नाही.

“आत्या, दोन्ही टाक्या संपत आल्यात हे मला कालच कळलं होतं. निशीला बोलणी बसावीत म्हणून मी गप्प राहिले. शार्दूललाही मीच गप्प बसवलं.”

आत्याने तिच्याकडे रोखून पाहिले. सावनीने मान खाली घातली नाही.

“काल गप्प राहिलीस, ते मला मुळीच आवडलेलं नाही,” आत्या सावकाश म्हणाली. “पण जे मला आणि सुजयला दिसलं नाही ते तू पाहिलंस, आणि स्वतःचा दोष कोणी न विचारता सांगितलास. हे मी रत्नागिरीला गेल्यावर घराघरांत सांगणार आहे. गॅस मात्र निशिगंधेकडेच राहील.”

आरतीच्या आधी मोदकांचे ताट घेऊन दोघी बहिणी देवळाच्या पायऱ्या चढू लागल्या. ताट निशिगंधेच्या हातात होते.

“मीही बहुधा गप्पच बसले असते,” निशिगंधा एकदम म्हणाली.

“तू? तू कशाला?”

“समुद्रात तू पोहतेस, मी काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळते. वाट विचारायची तर काका तुलाच विचारतो. गॅस मिळाला तेव्हा वाटलं, चला, एक तरी गोष्ट माझी!”

सावनी थबकून तिच्याकडे पाहतच राहिली. निशिगंधा तिच्यावर जळत होती! हे इतके दिवस तिच्या ध्यानीमनीही नव्हते. दोघींना एकाच वेळी हसू फुटले.

“ताट सांभाळा! खिदळणं पुरे!” वरून आत्याचा आवाज आला.

“दे इकडे,” सावनी हात पुढे करून म्हणाली. “अर्ध्या पायऱ्या तुझ्या झाल्या. वरच्या अर्ध्या माझ्या!”