चरकाचा घास

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे घडलंय. कोलंबियात, सांतांदेरच्या डोंगरातल्या आमच्या गुऱ्हाळात. आणि रात्री नाही, भर दुपारी.

नोएमी माझी मावसबहीण. ती चरकात ऊस सारत होती, नवरा एवेलिओ काहिलीवर होता. एक कांडं अडकलं. तिने ते ढकललं...

उजव्या हाताची बोटं आत गेली.

एवेलिओने धावत येऊन दांडा ओढला, चरक थांबवला, म्हणून हात वाचला.

आमच्याकडे चरकाने रक्त चाखलं की त्या दिवसाचा रस मातीत ओततात. तो चरकाचा घास. पण एवेलिओ मुलखाचा हट्टी.

"थेंबभर रक्तासाठी काहीलभर रस ओतू? चरकाला काय जीभ आहे?"

त्याने त्या रसाचा गूळ पाडला.

जखम भरली. सूज मात्र उतरेना. हात पावासारखा टम्म, ठणका खांद्यापर्यंत. एक्स-रेत हाडं धड दिसली. हाडं बसवणारी म्हातारी कुस्तोदिया हात चोळता चोळता थबकली.

"सगळं जागेवर आहे, पोरी. मग आतून कोण दाबतंय?"

तेवढ्यात सुजलेल्या बोटांनी म्हातारीचा अंगठा पकडला...

कट्.

"मी नाही केलं हो बाई," नोएमी रडायला लागली. "माझी तर मूठही वळत नाही."

हळूहळू तिच्या एक लक्षात आलं. चरकापाशी गेलं की ठणका कमी होतो. बंद चरकातून काहीतरी चघळल्याचा आवाज येतो...

पुढच्या गाळपाला ती सरळ चरकापाशी गेली. फिरत्या रुळांसमोर हात धरला. सूज डोळ्यांदेखत उतरू लागली. किती सुख वाटलं तिला.

"अगं, वेड लागलं का तुला? मागे हो." एवेलिओने तिचं मनगट धरलं.

हाताने उलट त्याचंच मनगट धरलं...

आणि आत सारलं.

आधी बोटं, मग मनगट, मग कोपर. हाडं उसासारखी फुटत होती. रस लाल झाला. तो गुरासारखा ओरडत होता.

आणि नोएमीचा ठणका थांबला.

गडी धावले. एवेलिओ वाचला, हात गेला. आता येईल त्याला तो कौतुकाने सांगतो, "बायकोने शेवटपर्यंत ओढून धरलं, म्हणून मी आहे."

नोएमी शेजारी बसून ऐकते. एकदाच ती माझ्याजवळ बोलली.

"उजवा हात माझ्या ताब्यात नव्हता, शपथ. पण डावा मोकळा होता... आणि चरक थांबवायचा दांडा त्या हाताशीच होता."