दुसरा आवाज

रविवारी दुपारी झेनाइदेच्या अंगणात काळ्या घेवड्याचं भलं मोठं पातेलं चुलीवर चढलं, तेव्हा रिओच्या मादुरेरा वस्तीतल्या जुन्या मंडळींना जरा बरं वाटलं. तिला जाऊन वर्ष झालं होतं, आणि वर्षभर अंगणातल्या आंब्याखाली कुणी डफाला हातसुद्धा लावला नव्हता.

लोकांचे कपडे धुता धुता झेनाइदेनं बावन्नाव्या वर्षी पहिली रेकॉर्ड काढली, आणि मग रिओभर घराघरांतल्या रेडिओवर तिचे सांबा वाजू लागले. त्या प्रत्येक गाण्यात तिच्या पाठीमागं उभी राहून ओदिलियानं दुसरा आवाज लावला होता. तिच्या चालीखालून जाणारा, तिला आधार देणारा. रेकॉर्डवर मात्र ओदिलियाचं नाव कधी आलं नाही.

आज ही गाणी ओदिलियानं गायची, असं मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिच्याइतकी ती कुणाला पाठ असणार? पण खरं सांगायचं तर ओदिलियाला मूळ चाल येतच नव्हती. मनात ऐकू यायची. तोंड उघडलं की घसा आपोआप खालच्या सुराकडे वळायचा. न्हाणीघरात नळ सोडून तिनं आठवडाभर खटपट केली होती. जमलं नाही. तरी तिनं कुणाला सांगितलं नाही. सत्तरीला आल्यावर पहिल्यांदा पुढं उभं राहायला मिळत होतं, आणि ते तिला फार हवं होतं.

म्हातारा वाल्देमिरो आपल्या चिमुकल्या गिटारीच्या तारा जुळवत होता. "काय गं, नवा झगा? आम्हाला वाटलं, तू जन्मभर झेनाइदेची पाठच बघणार."

"तुझ्या थोबाडापेक्षा ती पाठ बरी होती," ओदिलिया म्हणाली. कोरसच्या बायका हसल्या.

गाणं सुरू झालं आणि घसा नेहमीच्या वाटेनं खाली उतरला. आता हसतील, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. कुणी हसलं नाही. डोळे उघडले तेव्हा चुलीपाशी उभी असलेली झेनाइदेची बहीण डोळे पुसत होती.

दुसऱ्या गाण्याला टाळ्या पडल्या. हुबेहूब तीच चाल, तोच ठसका, असं मागून कुणीतरी म्हणालं. ओदिलियाला तर स्वतःच्या खालच्या सुराखेरीज काहीच ऐकू येत नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं, लोक तिच्याकडे बघतच नव्हते. सगळ्यांच्या नजरा तिच्या जरा पुढं, हातभर अंतरावर लागल्या होत्या.

तिसऱ्या गाण्यात, ओळ अर्धी असतानाच, ती मुद्दाम गप्प झाली.

ढोल चालू राहिला. बायका थांबल्या. ती ओळ पुरी व्हायला लागावा तेवढाच वेळ थांबल्या, आणि नेमक्या जागेवर त्यांनी कोरस उचलला.

वाल्देमिरोनं तारांवरची नजर काढली नाही.

"ओदिलिया, थांबलीस का?" तो हळूच म्हणाला. "तुझ्याशिवाय तिचा सूर उघडा पडतोय."

अंगणाचं फाटक उघडंच होतं. ओदिलियानं एकदा तिकडे पाहिलं.

मग ती अर्धं पाऊल मागं सरली आणि तिनं दुसरा आवाज लावला.

पुढच्या मोकळ्या जागेत कुणीतरी छाती भरून श्वास घेतला.